मावळणाऱ्या दिव्याचा व्हाइट पेपर

सूचनाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण कारखान्यात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारल्याचं त्यांनाही आठवत नसे. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, पाणी तापवायची यंत्रं असं काय काय तिथं बनायचं, आणि प्रत्येक खोक्यात अगदी वर, घडी घालून, बाईंनी लिहिलेलं पत्रक असायचं. ‘यंत्र सपाट जागी ठेवा. झाकण घट्ट बसल्याची खात्री करून घ्या.’ असलं वाचतं कोण, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे तुमचं. खोकं उघडल्या उघडल्या पत्रक बाजूला भिरकावलं जातं आणि यंत्र बिघडलं की घरभर शोधलं जातं. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या लिहीत ते चिडलेल्या, घायकुतीला आलेल्या, एका हातात पान्हा धरून उभ्या असलेल्या माणसासाठी.

त्यांचा एक नेम होता. नेम कसला, हट्टच म्हणा ना. जे स्वतःच्या हातानं करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही. ‘रेशमी कापडावर इस्त्री फार तापवू नये’ एवढ्या एका ओळीपायी त्यांनी स्वतःचा रेशमी रुमाल जाळला होता. ‘मोटारीत पाणी जाऊ देऊ नये’ हे लिहिण्याआधी त्यांनी नव्या कोऱ्या मिक्सरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘अहो, सगळ्या जगाला माहीत आहे ते!’ साहेब म्हणाले. ‘जगाला असेल. मला नव्हतं,’ बाई म्हणाल्या. त्यांच्या नाकावर राग नसायचा, पण एकदा पाय रोवला की रोवला.

झोपेशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. नोकरीसाठी त्या कोवळ्या वयात घर सोडून गेल्या, पुढची सगळी वर्षं भाड्याच्या खोल्यांमध्ये गेली, आणि शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी यांचे डोळे टक्क उघडायचे. लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका घेऊन त्या आईच्या घरी परत आल्या आणि धाकट्या भावाला म्हणाल्या, ‘मला फक्त एक खाट दे. तिचा उपयोग होईलच असं नाही.’

हा धाकटा भाऊ म्हणजे खटपट्या. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून ठेवलं तेव्हा चिकटलेलं हे नाव पन्नाशी आली तरी निघालं नव्हतं. खाली रस्त्यालगत त्याची कार्यशाळा, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. आतली खोली आईची. आईचे गुडघे गेले होते, ती पलंग सोडून फारशी कुठं जात नसे. तिच्या पलंगाला लागून एक मोठी खिडकी होती. पण शेजारची इमारत मजल्यामागून मजला चढत एके दिवशी त्या खिडकीला येऊन टेकली. काचेपलीकडे हातभर अंतरावर नुसती सिमेंटची भिंत. उजेड गेला, आणि उजेडाबरोबर आईचे दिवसही विसकटले. भर दुपारी तिला रात्र वाटायची. सगळं घर गाढ झोपलं की ती हाक मारायची, ‘अरे, चहा टाकला का कुणी?’

खटपट्यानं तेव्हा तो दिवा केला. काच आणि भिंत यांच्यामधल्या त्या हातभर जागेत त्यानं बारीक बारीक दिव्यांची एक चौकट बसवली, मागं घड्याळाचं यंत्र जोडलं, पुढं दुधी काच लावली. सकाळी त्या खिडकीतून साय आल्यासारखा उजेड यायचा. दुपारी लख्ख. आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं तो दिवा मावळायचा. आधी पिवळा, मग नारिंगी, मग पिकल्या फळासारखा लालसर, मग एक निळा करडा रंग ज्याला नाव नाही, आणि मग काहीच नाही. दोन वर्षं झाली, आई रोज त्या दिव्याबरोबर झोपत होती.

बाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. खोलीतल्या वस्तू एकेक करून आपल्या कडा सोडत होत्या. आधी कपाट विरघळलं, मग आरसा, मग भिंतीवरचा वडिलांचा फोटो. पलंगाशेजारच्या खुर्चीत खटपट्या बसला होता, मान खिडकीकडे, रंग नीट बदलतात की नाही ते बघत. आई अर्धवट जागी, अर्धवट दुसरीकडेच. ती त्या उजेडात कुठं कुठं जाऊन यायची. ‘तळ्याचं पाणी आज कोमट आहे बरं का,’ ती म्हणाली. खटपट्या म्हणाला, ‘हं.’ ‘शाळेच्या ओट्यावर माझी पट्टी राहिली.’ ‘आणतो उद्या.’ मग आईचा श्वास लांब झाला. बाईंना उगाचच वाटलं, आपणही खूप लहान आहोत आणि कुणीतरी आपल्याला आत बोलावणार आहे. पण कुणी बोलावलं नाही, आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावू लागल्या.

आता खरी गोष्ट. या दिव्यापायी खटपट्यानं नोकरी सोडली होती. साठवलेलं संपत आलं होतं. दिवा इस्पितळांना द्यावा, तळघरात काम करणाऱ्यांना द्यावा, खिडकी नसलेल्या प्रत्येक खोलीला द्यावा असं त्याच्या मनात फार होतं, पण एकट्याच्या हातानं महिन्याला जेमतेम एक दिवा व्हायचा. त्याच्या जुन्या साहेबांनी निरोप पाठवला होता की जागा रिकामी आहे, या, पण काम दूरच्या कारखान्यात, घरी येणं सुट्टीपुरतं. म्हणजे कार्यशाळेला कुलूप. तेवढ्यात एका ओळखीच्यानं दोन गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली. फोनवर त्यातल्या बाई सरळच म्हणाल्या, ‘दिवा नंतर बघू. आधी व्हाइट पेपर पाठवा. तो पटला तर येतो.’

खटपट्या जिना चढून वर आला. ‘ताई, व्हाइट पेपर पाहिजे म्हणे.’

‘म्हणजे काय असतं ते?’

‘आपण काय केलंय, का केलंय, त्यात पैसे का घालावेत, ते सगळं पटवून सांगायचं. तुझंच काम आहे.’

‘मी सूचना लिहिते बाबा. स्वप्नं नाही लिहीत.’

पण लिहायला घेतलं. खटपट्यानं दुसऱ्यांचे चार-पाच व्हाइट पेपर कुठूनसे मिळवून आणले होते. बाईंनी चष्मा पुसून ते वाचले आणि त्यांना चक्क जांभई आली, जी त्यांच्या बाबतीत दुर्मिळ गोष्ट होती. प्रत्येकात क्रांती होती. प्रत्येकात जग बदलणार होतं. सुतावरून स्वर्ग गाठलेला, आणि वाचणाऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं. कुठल्याही कागदात एक जितंजागतं माणूस नव्हतं. खटपट्यानं स्वतःही एक मसुदा केला होता, त्याची सुरुवात होती ‘आजच्या धकाधकीच्या युगात’. बाईंनी पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली.

‘का? चांगलं आहे की ते!’

‘वाचणारी बाई कुठं बसलीय, सांग मला.’

‘तिच्या ऑफिसात.’

‘समोर असल्या कागदांचा ढीग आहे. चहा गार झालाय. तिला युग बिग नकोय. तिला विचारायचंय, त्रास कुणाला आहे, तुम्ही केलंत काय, त्याचा उपयोग होतो हे कशावरून, बिघडू काय शकतं, आणि माझ्या पैशांचं काय करणार. बस. एवढ्याचीच उत्तरं द्यायची, आणि तीही ती विचारायच्या आत.’

खटपट्यानं मसुदा घडी घालून खिशात टाकला. मग म्हणाला, ‘बरं, पण एक वाक्य पाहिजेच. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. या दिव्याखाली झोप लागते.’

इथं घोडं पेंड खाऊ लागलं. कारण बाईंना त्या दिव्याखाली झोप लागली नव्हती. त्यांनी आईच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून पाहिली, कुशीवर पाहिली, उताणं पाहिली. पिवळा गेला, नारिंगी गेला, निळा करडा गेला, आणि अंधारात बाईंचे डोळे टक्क. आई आपली सुखात घोरतेय.

‘तुला नाही लागली, आईला लागते ना!’ खटपट्या वैतागून म्हणाला. ‘दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही.’

‘मग आईला लागते एवढंच लिहीन. आणि का लागते ते मला आधी बघू दे.’

बाकीचा कागद भराभर झाला. त्रास कुणाला, या पानावर बाईंनी आईची खिडकी लिहिली, ती इमारत मजल्यामागून मजला कशी चढत आली तेही लिहिलं, आणि मग अशा किती प्रकारच्या खोल्या जगात असतात ते. दिवा कसा चालतो ते लिहिण्यासाठी त्यांनी तो स्वतः उघडला, दोनदा जोडला, एकदा चुकीचा जोडून सकाळी सूर्यास्त करून दाखवला. आई त्या दिवशी न्याहारी न करताच रुसून बसली. राहिलं होतं फक्त ‘कशावरून’चं पान.

मग एका संध्याकाळी खटपट्याला काचा आणायला लांब जावं लागलं. ‘दिवा आपोआप मावळेल, तू काही करू नकोस,’ असं बजावून तो गेला. बाईंना हे बरंच वाटलं. त्या वही, पेन्सिल, घड्याळ घेऊन त्या खुर्चीत बसल्या. दिवा वेळेवर पिवळा झाला. आईनं खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

‘तो कुठाय?’

‘येईल गं. तू पड.’

‘तू लिही तुझं,’ आई म्हणाली. ‘तो येईल.’

नारिंगी झाला, लाल झाला, निळा झाला. आई तळ्यावर गेली नाही, शाळेच्या ओट्यावर गेली नाही. दाराकडे तोंड करून, हाताची घडी घालून जागी राहिली. दिवा विझला तरी अंधारात तिचे डोळे उघडे असल्याचं बाईंना कळत होतं, कारण असे उघडे डोळे त्या स्वतः आयुष्यभर बाळगून होत्या. एक गोष्ट मात्र त्यांना लागली, आणि ती त्यांनी वहीत लिहिली नाही. आपण इथं हाताच्या अंतरावर बसलो आहोत आणि आपल्या आईला आपण बसल्यासारख्या वाटत नाही.

जेवणं उरकायच्या सुमारास खटपट्या परतला. हातपाय धुऊन सवयीनं आईच्या खोलीत गेला आणि अंधारातच खुर्चीत टेकला. ‘झाला का गं मावळून?’ त्यानं विचारलं. आईनं उत्तर दिलं नाही. ती झोपली होती. दारात उभ्या असलेल्या बाईंनी तो लांब श्वास ऐकला आणि घड्याळात वेळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्या खाली कार्यशाळेत गेल्या. खटपट्या काच घासत होता.

‘तुझ्या प्रयोगात एक वस्तू तू धरलीच नाहीस.’

‘कोणती?’

‘तू.’

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो भडकला. ‘म्हणजे माझा दिवा कुचकामी? दोन वर्षं घातली मी त्यात!’

‘दोन वर्षं तू रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसलास. रंग बघायला. आईला काय माहीत तू रंग बघतोयस? तिला वाटलं तू तिच्यापाशी बसलायस.’

‘हे लिहिणार तू? कागदात?’

‘लिहावं लागेल.’

‘मग लिहूच नकोस. माझं सगळं पाण्यात गेलं तरी चालेल, पण तुझं पत्रक बरोबर असलं पाहिजे, नाही का?’

हे बोलणं बाईंच्या काळजाला घासून गेलं. तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आई दोघांनाही विचारायची, ‘भांडलात का रे?’ आणि दोघंही ‘छे’ म्हणायचे, वेगवेगळ्या खोल्यांतून.

पण खटपट्या म्हणजे खटपट्या. राग असला तरी हात स्वस्थ बसत नाहीत. एका संध्याकाळी तो मुद्दाम खालीच थांबला आणि जिन्याच्या पायरीवर बसून कान लावून ऐकत राहिला. वर दिवा मावळला. आई जागी. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं खिडकीतला दिवा बंद ठेवला, छताचा साधा दिवा लावला आणि खुर्चीत जाऊन बसला. थोडा वेळ बसला, इकडं तिकडं पाहिलं, नखं पाहिली आणि उठला. बसून करायचं काय? आई म्हणाली, ‘चाललास? जा, कामं असतील.’ तीही जागीच राहिली.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा बाई ताटं पुसत होत्या. तो दाराला टेकून उभा राहिला.

‘ताई, नुसता दिवा असला तरी नाही, नुसता मी असलो तरी नाही. साध्या दिव्याखाली मला बसवतच नाही गं. पाच मिनिटांत उठलो. लाज वाटली मला.’

बाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. ‘म्हणजे मावळतं बघायला तू चाळीस मिनिटं बसतोस. आणि तू बसतोस म्हणून ती झोपते.’

‘असंच दिसतंय.’

‘मग कुचकामी कसा रे? कुठलाही दिवा लावून माणूस निघून जातो. तुझ्या दिव्यानं तुला दोन वर्षं धरून ठेवलं.’

खटपट्यानं डोळे बाहीला पुसले आणि धूळ गेली म्हणाला. बाईंनीही ती धूळ मान्य केली.

‘कशावरून’चं पान त्याच रात्री लिहून झालं, कारण आता त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी करून पाहिलेली होती. दिवा असताना, माणूस नसताना. माणूस असताना, दिवा नसताना. दोन्ही असताना. आणि ‘बिघडू काय शकतं’ या मथळ्याखाली बाईंनी स्वच्छ लिहिलं: ‘दिवा लावून निघून गेल्यास झोप लागेलच असं आम्ही सांगू शकत नाही. एक खुर्ची लागेल आणि तिच्यात बसणारं कुणीतरी लागेल. दिवा त्या दुसऱ्या माणसाला बसवून ठेवतो, असा आमचा अनुभव आहे.’ पहिल्या पानावरची मोठ्या अक्षरांची जागा त्यांनी कोरीच सोडली. खटपट्यानं ती कोरी जागा पाहिली आणि पाकीट चिकटवलं. कागद गेला.

कागद पटला की काय कोण जाणे, पण माणसं आली. फोनवरच्या बाई आखूड केसांच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर एक पोक्त गृहस्थ, जे सगळीकडे पाहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. कार्यशाळेतल्या स्टुलावर बसून आखूड केसांच्या बाईंनी कागद मांडीवर उघडला.

‘तुमचं चौथं पान मी तीनदा वाचलं,’ त्या म्हणाल्या. ‘स्वतःच्या मालाचं उणं इतकं ठळक कुणी लिहितं का?’

‘घरी नेल्यावर कळण्यापेक्षा बरं,’ सूचनाबाई म्हणाल्या.

‘ठीक. मग माझं एक म्हणणं ऐका. खुर्चीचं काढून टाकू. आणि चाळीस मिनिटं फार होतात. लोकांना वेळ कुठाय? दहा मिनिटांत मावळेल असं करा, दुप्पट खपेल.’

भावानं हो म्हटलं असतं तर सूचनाबाई त्याला दोष देणार नव्हत्या. कुलूप समोर लटकत होतं. त्यांनी खटपट्याकडे पाहिलं. तो हातातल्या दुधी काचेवरून बोट फिरवत होता.

‘नाही होणार,’ तो म्हणाला.

‘तांत्रिक अडचण आहे?’

‘अडचण काही नाही. एक स्क्रू फिरवला की दहा मिनिटांत मावळेल. पण दहा मिनिटांत माझी आई तळ्यापर्यंत पोचत नाही.’

आखूड केसांच्या बाईंनी मांडीवरचा कागद मिटला. तेव्हा ते गृहस्थ पहिल्यांदा बोलले. ‘दाखवाल का?’

मग सगळे वर गेले. आईनं पाहुणे बघून केस सारखे केले. स्वयंपाकघरातून आणखी दोन खुर्च्या आणल्या. दिवा पिवळा झाला तसं बोलणं आपोआप खाली आलं. नारिंगी उजेडात आखूड केसांच्या बाईंचा चेहरा एकदम कुणाच्या तरी मुलीसारखा दिसू लागला. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि नंतर पाहिलं नाही. आई म्हणाली, ‘पाणी किती निवळ आहे आज. तळ दिसतोय.’ खटपट्या म्हणाला, ‘हं.’ कपाट गेलं, आरसा गेला, फोटोतले वडील गेले. निळ्या करड्या रंगात कोण पाहुणं आणि कोण घरचं ते कळेनासं झालं, सगळे एकाच तळ्याकाठी बसल्यासारखे. आणि त्या शांततेत एक भक्कम, समाधानी घोरणं सुरू झालं.

आखूड केसांच्या बाईंनी गृहस्थांना कोपरानं ढोसलं. ते दचकले. ‘मी झोपलो नव्हतो.’

‘घोरत होता की,’ अंधारातून आई म्हणाली. ‘असू दे. दमला असाल.’

‘हा पुरावा धरू नका हं,’ आखूड केसांच्या बाई कुजबुजल्या. ‘यांना गाडीतही झोप लागते.’ पण त्यांचा आवाज ओलसर होता.

पुढच्या आठवड्यात फोन आला. पैसे मिळणार होते. आधी एका इस्पितळापुरते दिवे, चाळीस मिनिटांचे, आणि प्रत्येकाबरोबर कागद, खुर्चीच्या पानासकट. ‘त्या दिवशी माझ्यापुढं सहा कागद होते,’ आखूड केसांच्या बाई म्हणाल्या, ‘पाचांत सगळं आपोआप होत होतं. तुमचा एकच असा, ज्यात कुणीतरी काहीतरी करायचं होतं.’ फक्त खटपट्याला तिकडं यावं लागेल, त्यांच्या कारखान्यात, दिवे नीट बनायला लागेपर्यंत. निदान सहा महिने.

खटपट्यानं फोन ठेवला आणि ताईला सगळं सांगितलं. आनंद तर झालाच होता, जीव भांड्यात पडला होता, पण दोघांच्याही मनात एकच खुर्ची होती. नोकरी धरली असती तरी ती रिकामी झाली असती, आणि दिवा जगला तरी ती रिकामीच होणार होती.

‘तू बस,’ खटपट्या म्हणाला.

‘मी बसले होते. तिला चालत नाही.’

‘तू बसली नव्हतीस ताई. तू लिहीत होतीस.’

तो गेला त्या दिवशी दुपारभर बाईंनी घर झाडलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. दिवा पिवळा व्हायच्या वेळेला त्या आतल्या खोलीत गेल्या. वही सवयीनं हातात होती. आईनं दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी म्हणाली, ‘ते ठेव बाजूला.’

बाईंनी वही कपाटावर ठेवली. हात रिकामे झाले तेव्हा त्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. पिवळा गेला. नारिंगी आला. आपल्यालाच आता ‘हं’ म्हणायचं आहे हे लक्षात ठेवून त्या कान टवकारून बसल्या. पण आई तळ्याबद्दल बोलली नाही.

‘तू गेलीस ना नोकरीला,’ आई म्हणाली, ‘तेव्हा मी किती दिवस तुझी खाट घालून ठेवायची. रात्री उठून बघायची. सवय गं.’

बाई खुर्चीत पुढं झाल्या. ‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘सांगायचं काय त्यात? टेक मागं. मान अवघडेल.’

बाई मागं टेकल्या. लाल उजेड त्यांच्या मांडीवरच्या हातांवर आला, आणि ते हात त्यांना दुसऱ्याच कुणाचे, बारक्या मुलीचे वाटले. कपाट गेलं, कपाटावरची वही गेली. कुठंतरी पाणी होतं, कोमट, आणि काठावरून कुणीतरी नजर ठेवून होतं, म्हणून खोल जायला हरकत नव्हती. निळा करडा रंग त्यांनी पाहिलाच नाही.

जाग आली तेव्हा खिडकीत सायीसारखा उजेड होता. अंगावर आईची शाल होती. गुडघे गेलेल्या बाईनं ती पलंगावरून कशी पोचवली असेल देव जाणे. आई शांत झोपली होती, एक हात खुर्चीच्या दांड्यावर. जरा वेळानं तिनं एक डोळा उघडला.

‘झोपलीस की गं.’

‘आणि तू?’

‘तुला लागली, मग मला लागली. चहा टाकतेस?’

बाईंनी चहा टाकला. आधण येईपर्यंत कपाटावरची वही आणली, पेन्सिलीला टोक केलं, आणि इस्पितळाला जाणाऱ्या कागदाच्या पहिल्या पानावर जी जागा इतके दिवस कोरी होती तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘खुर्ची ओढून बसा. या दिव्याखाली झोप लागते.’ मग त्याखाली, नेमाप्रमाणे, बारीक अक्षरात: ‘लिहिणारीनं स्वतः झोपून पाहिलं आहे.’